वजनाच्या ऑपरेशननंतरचे पहिले सहा आठवडे

वजन कमी करायचं ऑपरेशन करून माणूस घरी आला, की पहिल्या दिवसापासून सगळ्या घराचं लक्ष वजनकाट्याकडे लागतं. भेटायला येणारेही आधी तेच विचारतात, ‘किती उतरलं?’ सोलापुरात आहारसल्ल्याचं काम करताना मला हा प्रश्न सारखा ऐकू येतो आणि दर वेळी वाटतं, की पहिले सहा आठवडे तो काटा पलंगाखाली सरकवून ठेवावा. वजन उतरणारच असतं. या दिवसांत खरं काम वेगळंच चाललेलं असतं. पोटाच्या आत कापून जोडलेला भाग भरून येत असतो, आणि तो भरून यायला अंगात पुरेसं पाणी आणि प्रोटीन जावं लागतं. घरात गडबड होते ती बहुतेक इथेच. डिस्चार्जच्या कागदावर सूचना असतात, पण त्यांच्यामागचं कारण घरच्यांना कुणी समजावलेलं नसतं. कारण माहीत नसलं की ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणून सूचना मोडली जाते.

ऑपरेशन करावं की नाही, हा तुमचा आणि तुमच्या सर्जनचा प्रश्न. तो निर्णय झालेला आहे असं धरून पुढचं लिहिते. तुमच्या सर्जननी दिलेला तक्ता आणि माझं लिहिणं यांत कुठे फरक दिसला, तर त्यांचंच ऐका. तुमच्या पोटात नेमकं काय केलंय ते त्यांनी पाहिलेलं असतं.

पोटात काय बदललं

आपल्याकडे मुख्यतः दोन तऱ्हेची ऑपरेशनं होतात. स्लीव्हमध्ये जठराचा फुगरा भाग, म्हणजे जवळजवळ 75 ते 80 टक्के जठर, स्टेपलरने कापून कायमचं बाहेर काढतात. उरते एक अरुंद उभी नळी; तिच्यात शंभर-दीडशे मिलीच मावतं. बायपासमध्ये जठर काढत नाहीत. त्याच्या वरच्या टोकाला 30 मिलीच्या आसपास मावेल एवढी छोटी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडं वर आणून तिला जोडतात. अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून पुढे जातं. मिनी बायपास हा त्यातलाच प्रकार. त्यात जोडणी दोन ठिकाणी न करता एकाच ठिकाणी करतात.

जठर लहान झालं म्हणून माणूस कमी खातो, एवढ्यावर हे संपत नाही. जठराच्या वरच्या फुगऱ्या भागात घ्रेलिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते मेंदूला भूक लागल्याचं कळवतं. 1999 साली जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधून काढलं. स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग निघून जातो, म्हणून कित्येकांना पहिले काही आठवडे भूक अशी लागतच नाही. बायपासनंतर अन्न आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोचतं आणि पोट भरल्याची खबर देणारी संप्रेरकं तिथून जास्त सुटतात. मधुमेह असेल तर याचा परिणाम वजन उतरायच्या आधीच दिसतो. अमेरिकेतले सर्जन वॉल्टर पोरीस यांनी 1995 साली बायपास झालेल्या मधुमेही रुग्णांबद्दल हेच मांडलं होतं, की साखर खाली यायला काही दिवस पुरतात.

भूक लागत नाही, हे ऐकायला किती बरं वाटतं! पण पहिल्या महिन्यात धोका त्यातच आहे. भूक नाही, दोन घोट घेतले की पोट तट्ट वाटतं, जरा मळमळतं, मग माणूस कुशीवर वळून झोपतो आणि दुपारचे तीन वाजेपर्यंत पोटात काहीच गेलेलं नसतं. घरच्यांना वाटतं, आराम करतोय, करू दे.

दवाखान्यातल्या दिवसांबद्दल थोडक्यात सांगते. ऑपरेशन दुर्बिणीतून होतं, पोटावर चार-पाच छोटी भोकं असतात. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्याने श्वासपटलाला चुरचुर होते आणि दुखतं मात्र खांद्यात. हे दोन-तीन दिवसांत जातं, चालण्याने लवकर जातं. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी उठवून चालवतात, पोटावर रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन देतात, तीन रंगीत गोळ्यांचं श्वासाचं यंत्र ओढायला लावतात. या सगळ्याचा हेतू असा, की पायात रक्ताची गुठळी होऊ नये आणि फुप्फुसं खालून मिटू नयेत. ‘आत्ताच ऑपरेशन झालंय, कशाला उठवता बिचारीला’ म्हणून नर्सबाईंशी भांडणारे नातेवाईक मी पाहिलेत. प्रेमापोटीच भांडतात. पण तिला उठवणंच तिच्या हिताचं असतं.

पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला जाऊन ऑपरेशन करून येणारे सोलापुरात बरेच आहेत. पुण्याहून गाडीने अडीचशे किलोमीटर यायचं म्हणजे चार-पाच तास पाय लोंबकळत बसणं आलं. दर तासाला गाडी थांबवून पाच मिनिटं चाला. रेल्वेने आलात तर डब्यात येरझाऱ्या घालता येतात, म्हणून मला ती जास्त बरी वाटते. गुठळीचा धोका डिस्चार्जबरोबर संपत नाही, पुढे काही आठवडे राहतो. घरी न्यायला इंजेक्शनं लिहून दिली असतील, तर ती शेवटच्या सुईपर्यंत पूर्ण करा.

पाण्याचा हिशोब

ऑपरेशननंतर पुन्हा दवाखाना गाठावा लागण्याचं अगदी नेहमीचं कारण म्हणजे अंगातलं पाणी कमी होणं. दिवसाला निदान दीड लीटर जायला हवं. पूर्वी तांब्या तोंडाला लावला की संपलं, असं होतं. आता आतली नळी सुजलेली असते, एका वेळी मोठा घोट गेला की छातीच्या मध्यभागी कळ येते.

औषधाच्या बाटलीवर जे प्लास्टिकचं मापाचं झाकण येतं, त्यातलं 30 मिलीचं एखादं मिळालं तर ते जपून ठेवा. दीड लीटर म्हणजे अशी 50 मापं. जागेपणीचे पंधरा तास धरले, तर साधारण दर अठरा मिनिटांना एक माप पोटात जायला हवं. तेही एकदम ओतायचं नाही, दोन-तीन घोटांत, मध्ये थांबत. बऱ्याच घरांत मी सांगते, की सकाळी दीड लीटरची एकच बाटली भरा आणि दिवसभर दुसऱ्या कुठल्या भांड्यातून पाणी घेऊ नका. संध्याकाळी सात वाजता बाटली अर्धी भरलेली दिसली, तर कुणाला विचारायची गरज राहत नाही. बाटलीच सांगते. आणखी एक सोपी खूण म्हणजे लघवी. ती गडद पिवळी आणि दिवसातून दोन-तीनदाच होत असेल, उठताना डोळ्यांसमोर अंधारी येत असेल, तर पाणी कमी पडतंय. दिवसभर प्रयत्न करूनही जात नसेल तर उद्यापर्यंत थांबू नका, सलाईन लागू शकतं.

सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये हे सगळं दुप्पट कठीण होतं. पारा 42 च्या वर गेलेला, वीज गेलेली, घाम निथळतोय, अशा वेळी दीड लीटर पुरत नाही, दोनच्या जवळ जावं लागतं. ऑपरेशनची तारीख हातात असेल, तर मी लोकांना उन्हाळा टाळायला सांगते. पातळ ताक गाळून, शहाळ्याचं पाणी, लिंबूपाणी बिनसाखरेचं, हे सगळं पाण्याच्या हिशोबात धरा. गोळी सोडा आणि बाकीची बुडबुड्यांची पेयं नकोत, त्यांच्या वायूने आतली पिशवी ताणते. रसवंतीवरचा उसाचा रसही नको. त्याचं कारण पुढे येईलच.

जेवण सुरू झालं, की पाणी आणि अन्न वेगळं ठेवायचं: जेवणाआधी अर्धा तास पाणी बंद, जेवणानंतर अर्धा तास बंद. छोट्याशा जागेत पाणी भरलं तर अन्नाला जागा राहत नाही, आणि जेवणावर पाणी प्यायलं तर अन्न भराभर पुढे ढकललं जातं. ताटाशेजारी पाण्याचा तांब्या ठेवायची आपली सवय जुनी आहे, सुटायला वेळ लागतो. तांब्या ठेवूच नका.

डाळीच्या पाण्यात काय असतं

या एका गोष्टीसाठी मला घराघरांत जाऊन बोलायची तयारी आहे. ऑपरेशननंतरचे पहिले एक-दोन दिवस निव्वळ पातळ पाणी, मग साधारण दोन आठवड्यांपर्यंत सगळं प्यायचंच, असा बहुतेक ठिकाणी क्रम असतो. मग घरची आई किंवा सासूबाई मायेने तुरीच्या डाळीचं वरचं पाणी काढून, त्यात तुपाचा थेंब टाकून देतात. ‘डाळ ताकदीची असते’ हे खरंच आहे. पण ताकद डाळीत राहते, वरच्या पाण्यात उतरत नाही. त्या पाण्यात मीठ आणि थोडा स्वाद सोडला तर फार काही नसतं. तेच पाणी दिवसातून चार वेळा दिलं, तर पेशंटला दिवसभर खाऊ घातल्याचं समाधान मिळतं आणि शरीराच्या वाट्याला जवळजवळ काही येत नाही.

शरीराला दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रोटीन लागतं, पुष्कळांना 80 पर्यंत. ते मिळालं नाही, तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं. वजन उतरलेलं दिसतं, पण जिना चढताना पाय थरथरतात आणि जखम भरायला उशीर होतो. आता हिशोब बघा. 200 मिली दुधात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये आठ-नऊ, शंभर ग्रॅम दह्यात तीन-चार. पातळ आहाराच्या दिवसांत अंडं-पनीर नाही, आणि दूध तरी किती जाणार? म्हणूनच डॉक्टर प्रोटीन पावडर लिहून देतात. एका चमच्यात, म्हणजे डब्यातल्या मापात, 20 ते 25 ग्रॅम असतं. ते दुधात किंवा पाण्यात कालवून तास-दीड तासात थोडं थोडं संपवायचं. पावडर म्हणजे जिमवाल्या पोरांचं खूळ, असं म्हणून ती बाजूला ठेवणारे बुजुर्ग घरोघरी आहेत. त्यांना हा हिशोब कागदावर मांडून दाखवा. बहुतेकांना पटतो.

दुधाने पोट गुरगुरलं, पातळ शौचाला झालं, तर घाबरू नका. ऑपरेशननंतर काहींना काही काळ दूध पचत नाही. दही-ताक चालून जातं, पावडर पाण्यात घेता येते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रोटीनचा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा.

ज्वारीची आंबील मात्र मला या दिवसांत फार आवडते. रात्री दोन चमचे पीठ ताकात भिजवायचं, सकाळी पाण्यात शिजवून पातळ करायचं, जिरं आणि मीठ घालून मग बारीक गाळणीतून गाळायचं. मिरची नाही, लसूण नाही. प्रोटीन तिच्यात बेताचंच असतं, पण पाणी जातं, थंडावा मिळतो, आणि दहा दिवस गोडगोड पावडर पिऊन विटलेल्या तोंडाला ओळखीची चव लागते. त्या चवीने डोळ्यांत पाणी आलेली माणसं मी पाहिली आहेत.

दोन आठवड्यांनंतर घोटलेलं, मऊसर अन्न सुरू होतं. आता डाळीला तिची खरी जागा मिळते: मूगडाळ सगळी घोटून, रवीने एकजीव करून. पातळ पिठलं, मेतकूट घालून केलेलं अगदी मऊ खिमट, कुस्करलेलं पनीर, मऊ उकडलेलं अंडं. मग चौथ्या आठवड्याच्या पुढे मऊ, पण चावायचे पदार्थ. उजनीचा ताजा मासा काटे काढून वाफवला, तर तो चिकनपेक्षा हलका जातो. मटण सगळ्यात शेवटी, दोन-तीन महिन्यांनी, आणि तेही आधी खिमा. त्याचे धागे अडकतात. मऊ पोळी आणि चिकट भात यांचा गोळा बसतो, म्हणून तेही लोक समजतात तितके सोपे नाहीत.

वाटी छोटी घ्या, चमचा चहाचा घ्या. एक घास तोंडात पार पातळ होईपर्यंत चावा, चमचा खाली ठेवा, मग दुसरा. दोन-चार चमच्यांनंतर छातीत दाटल्यासारखं, उचकी येईलसं किंवा एकदम नाक गळल्यासारखं वाटलं, की तिथेच थांबायचं. ‘एवढंच उरलंय, टाकायचं कशाला’ म्हणून घेतलेला शेवटचा घास बाहेर येतो, बरोबर पांढरा चिकट फेस येतो. अशा वेळी घरचे घाबरून पाणी पाजतात, त्याने आणखी वाढतं. अर्धा तास काही न देता बसवून ठेवा.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी कधी खाता येईल, हा माझ्याकडचा ठरलेला प्रश्न आहे, आणि सोलापूरकराने तो विचारू नये असं मी कसं म्हणू? सहा आठवड्यांत नाही. दोन-तीन महिन्यांनी, डॉक्टरांनी सगळं सुरू करायला सांगितल्यावर, भाकरीचा रुपयाएवढा तुकडा आणि चिमूटभर चटणी, तीही कमी तिखट. आधी प्रोटीन खाऊन झालेलं असावं. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत ऑपरेशन झालं असेल, तर तिळगुळाचा आणि हुरड्याचा मोह त्या वर्षापुरता सोडून द्यावा लागतो.

गोडाचं कारण समजून घ्या. साखर एरवी जठरात थांबून थोडी थोडी खाली उतरते. आता ती थेट आतड्यात जाऊन पडते आणि अंगातलं पाणी आतड्यात खेचून घेते. दहा ते तीस मिनिटांत छाती धडधडते, घाम सुटतो, पोटात पिळवटतं, जुलाब होतात. याला डंपिंग म्हणतात. काहींना तासा-तीन तासांनी उलट परिणाम होतो: इन्सुलिन जास्त सुटून साखर एकदम खाली येते, हात कापतात, गरगरतं. बायपासनंतर हे जास्त, स्लीव्हनंतरही होऊ शकतं. पेशंटला बघायला येणारी मंडळी डाळिंबाच्या रसाचा ग्लास हातात देतात, तेव्हा त्यांना हेच सांगायचं. सांगोल्याच्या डाळिंबात काही वाईट नाही, पण ग्लासभर रसात साखर फार असते.

नाडी बघायला शिका

स्टेपलची किंवा जोडणीची ओळ कुठे उसवून आतला द्रव पोटात झिरपणं, याला लीक म्हणतात. हे क्वचित होतं. अनुभवी ठिकाणी शंभरात एक-दोघांना. पण झालं तर तास मोजून उपचार करावे लागतात. बहुतेक वेळा ते पहिल्या काही दिवसांत कळतं, कधी घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांनीही.

फसगत होते ती अशी. आपण ताप आणि पोटदुखीची वाट बघतो. जाड माणसाचं पोट बाहेरून हात लावला तर मऊच लागतं, ताप उशिरा येतो. सगळ्यात आधी वाढते ती नाडी. म्हणून घरात एकाने तरी नाडी मोजायला शिकावं. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवा, घड्याळ लावून तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात पडला असेल, तर तो बोटाला लावला की नाडीचा आकडाही देतो. सकाळ-संध्याकाळ, पेशंट शांत पडलेला असताना बघून वहीत लिहा. सारखी 100 च्या वर राहत असेल तर सर्जनला फोन करा. 120 च्या वर गेली, किंवा तिच्याबरोबर पोटात वाढतं दुखणं, ताप, दम लागणं, डाव्या खांद्यात कळ किंवा ‘काहीतरी चुकतंय’ अशी जबर अस्वस्थता असेल, तर रात्रीचे दोन वाजले तरी निघा. 108 ला फोन केला की रुग्णवाहिका येते. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी दाबून ठेवतात. त्या घेणाऱ्यांनी आकडा बरा दिसला म्हणून निश्चिंत राहू नये.

एका पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक दम लागून छातीत टोचणं, हे गुठळीचं लक्षण आहे. काळी शौच किंवा रक्ताची उलटी हे आत रक्तस्राव होत असल्याचं लक्षण. यातल्या कशालाही ॲसिडिटी समजून घरात गोळी देत बसू नका.

आणि एक गोष्ट जी आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे. शरीरात व्हिटॅमिन बी-वनचा, म्हणजे थायमिनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. उलट्या थांबत नसतील आणि पोटात काही टिकत नसेल, तर हा साठा संपतो. मग डोळ्यांना दोन-दोन दिसायला लागतं, चालताना तोल जातो, माणूस गोंधळल्यासारखा बोलतो. वेळेत इंजेक्शनने थायमिन मिळालं नाही, तर स्मरणशक्तीला कायमची इजा होऊ शकते. अशा अवस्थेत नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर त्रास वाढतो, कारण ग्लुकोज वापरायला उरलंसुरलं थायमिन खर्ची पडतं. म्हणून ऑपरेशन पुण्यात झालं असेल आणि उलट्यांसाठी इथल्या जवळच्या दवाखान्यात गेलात, तर डिस्चार्ज कार्ड पुढे करून सांगा: ‘माझं वजनाचं ऑपरेशन झालंय, इतके दिवस उलट्या होताहेत, ग्लुकोजच्या आधी थायमिन द्यायचं का, आमच्या सर्जनशी एकदा बोलून घेता का?’ नाकातून जठरात नळी घालायची वेळ आली, तर तेही सर्जनशी बोलूनच. नवी जोडणी त्या नळीने दुखावू शकते. यात डॉक्टरांचा अपमान नाही. रोज असे पेशंट न बघणाऱ्या डॉक्टरांना ही माहिती उपयोगीच पडते. कार्डाचा आणि ऑपरेशन नोट्सचा फोटो घरातल्या दोघातिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

औषधं, आणि घागर

मधुमेहाचं इन्सुलिन आणि साखर उतरवणाऱ्या जुन्या गोळ्या पूर्वीच्याच मापात चालू ठेवल्या, तर साखर धोकादायक खाली जाते. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, पाणी कमी जात असताना, रक्तदाब पाडतात. डिस्चार्जच्या वेळी बदललेल्या मापाची यादी लिहून घ्या आणि जुनं पाकीट बाजूला काढून ठेवा. गोळ्या कुटून द्यायला सांगतात, पण ज्या गोळ्या दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात त्या कुटायच्या नसतात. मेडिकलवाल्याला प्रत्येक गोळीबद्दल विचारा.

अंगदुखीला कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी बंद. विशेषतः बायपासनंतर जोडणीच्या जागी अल्सर होतो. दुखण्याला पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या मापात. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ते मनाने थांबवू नका, आधी विचारा. हाच अल्सर बिडी-सिगारेटने होतो, म्हणून ऑपरेशननंतर ती पुन्हा पेटवायची नाही. तंबाखू आणि मिश्रीचंही तसंच. मिश्री लावणाऱ्या बायका ‘ती कुठं खाते मी, दातालाच तर लावते’ म्हणतात, पण तिचं पाणी पोटातच जातं आणि निकोटीन रक्तात उतरतं.

सहा आठवडे चार-पाच किलोंच्या वर उचलायचं नाही, पोटावर ताण आला की भोकांच्या जागी हर्निया होऊ शकतो. कागदावर हे वाचून सगळे मान डोलावतात. मग नळाला पाणी यायचा दिवस उजाडतो. सोलापुरात चार दिवसांनी पाणी आलं, की घरातली बाई स्वस्थ बसत नाही. भरलेला हंडा बारा-पंधरा किलोंचा असतो. ऑपरेशनच्या आधीच घरात ठरवून टाका की पाणी कोण भरणार, सिलिंडर कोण हलवणार, लहान लेकराला उचलून कडेवर कोण देणार. बाईचं ऑपरेशन झालेलं असतं तेव्हा हे ठरवणं जास्तच गरजेचं असतं, कारण तिला ‘बरं वाटतंय ना आता’ असं विचारून तिसऱ्या आठवड्यात ओट्यापाशी उभं केलं जातं. हलकं चालणं मात्र रोज, पहिल्या दिवसापासून. उन्हाळ्यात पहाटे गच्चीवर किंवा सिद्धेश्वर तलावाच्या कडेने, बाटली हातात घेऊन.

तिसरा आठवडा

साधारण तिसऱ्या आठवड्यात वजन थांबतं. आठवडाभर, कधी दहा-बारा दिवस काटा हलत नाही, आणि घरात कुजबूज सुरू होते की एवढे पैसे घालून उपयोग काय. सुरुवातीला जे भराभर उतरलं, त्यात यकृत आणि स्नायूंमध्ये साठवलेली साखर आणि तिने धरून ठेवलेलं पाणी मोठ्या प्रमाणात होतं. तो साठा पुन्हा थोडा भरतो, पाणी धरतो. चरबी तेव्हाही जळतच असते. या दिवसांत खाणं आणखी कमी करणं हा सगळ्यात वाईट उपाय आहे.

मनही याच सुमाराला खाली येतं. जेवण ही आपल्याकडे नुसती भूक भागवायची गोष्ट नसते. दमलं, चिडलं, आनंद झाला, सगळ्याला खाणं असतं. तो आधार एका दिवसात काढून घेतलेला असतो. पंगतीत बसून दोन चमचे पिठलं खाणाऱ्या माणसाला ‘का केलं मी हे’ असं वाटणं स्वाभाविक आहे, आणि बहुतेकांचं ते काही आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही, झोप उडाली, जगण्यात रस वाटेनासा झाला, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आधीपासून मनाच्या आजाराची औषधं चालू असतील, तर त्यांचं शोषण बदलतं, हेही त्यांना सांगा. घरच्यांना माझी एकच विनंती असते: त्या माणसासमोर बसून ‘घे गं अजून दोन घास’ म्हणू नका, आणि ‘एवढंच?’ असंही म्हणू नका. सोबत बसा, हळू जेवा.

सहा आठवड्यांच्या पुढे काय वाढून ठेवलंय, त्याची कल्पना आधी असली की धक्का बसत नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, मूठमूठ गळतात. ऑपरेशनच्या ताणाने केसांची मुळं एकदम विश्रांतीला गेलेली असतात. प्रोटीन आणि लोह ठीक असेल तर ते पुन्हा येतात. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात, म्हणून पुष्कळ सर्जन सहा महिने त्यासाठी गोळी देतात. ती मध्येच सोडू नका. बी-12, लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी हे आयुष्यभराचं आहे. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांत दोन तासांचं अंतर ठेवा, एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही. तरुण मुलींनी लक्षात ठेवावं, की वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. पण पहिले बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळायची असते, आणि बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नये. दुसरा उपाय स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून ऑपरेशनच्या आधीच ठरवावा.

तपासणी साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, मग एक, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, नंतर दर वर्षी. पुण्याला जाणं प्रत्येक वेळी जमत नाही, हे मला माहीत आहे. रक्ताच्या तपासण्या इथेच करून रिपोर्ट पाठवता येतात आणि बरेच सर्जन फोनवर बोलतात, पण पहिल्या दोन भेटी मात्र समोरासमोर व्हाव्यात. त्या भेटीला जाताना नाडीची वही आणि दिवसाला किती पाणी, किती प्रोटीन गेलं याची नोंद बरोबर घेऊन जा.